नगरपरिषदेच्या हद्दीतील कोंबडी

फेब्रुवारी २०२१ मध्ये पालघर शहरातील शासकीय कुक्कुटपालन केंद्रात पक्षी मरू लागले आणि तपासणीअंती बर्ड फ्लूचे निदान झाले, ही घटना येथील वाचकांच्या स्मरणात असेल. शहरातील कोंबडीविक्रीची दुकाने एकवीस दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि तो पाळलाही गेला. दुकाने रस्त्यावर असतात, त्यांची नोंद असते, त्यांच्या दारावर पाटी असते; ती बंद करणे प्रशासनास अवघड नव्हते. परंतु त्याच शहरात, त्याच दिवसांत, घरांच्या मागील दारी, चाळींच्या बोळांत आणि हद्दीतील पाड्यांत ज्या कोंबड्या डालग्याखाली झाकल्या गेल्या होत्या, त्या किती होत्या? या प्रश्नाचे उत्तर देणारी नोंदवही कोणत्याही टेबलावर नव्हती. रोगनियंत्रणाचा आराखडा एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि त्याभोवती दहा किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र नकाशावर आखून देतो. पण नकाशावरील त्या वर्तुळांच्या आत असलेल्या पक्ष्यांचा पत्ता ठाऊक नसेल, तर ती वर्तुळे कागदावरच राहतात.

नागरी वस्तीत कोंबड्या पाळण्यास कायद्याने मुभा असावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटतो. नगरपरिषदेपुढे पाण्याचा, कचऱ्याचा, रस्त्यांचा प्रश्न असताना कोंबड्यांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे इतकेच की, ज्या गोष्टीला कायदा ना धड परवानगी देतो ना धड मनाई करतो, ती गोष्ट घडतच राहते. फक्त ती लपून घडते, आणि लपण्याची किंमत समाजाला एखाद्या वाईट वर्षी एकदम मोजावी लागते.

प्रथम हद्दीचा विचार करू. पालघर ही नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे ६९ हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे ठाणे झाल्यापासून आणि सिडकोने कोळगाव येथे मुख्यालयाच्या इमारती उभ्या केल्यापासून तिचे रूप पालटत आहे. तरीही नगरपरिषदेच्या हद्दीत वाड्या आहेत, भातखाचरे आहेत, आदिवासी पाडे आहेत. उलट बोईसर पाहा. रेल्वेच्या पूर्वेस आणि पश्चिमेस चाळींची आणि इमारतींची दाटी, औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांना जाणारे कामगार, अवधनगरासारख्या परप्रांतीय श्रमिकांच्या वस्त्या. हे सारे असताना २०११ ची जनगणना झाली तेव्हा सुमारे ३६ हजारांचे हे गाव कायद्याने ग्रामपंचायतच होते, आणि त्यानंतरही अनेक वर्षे नगरपरिषदेचा प्रस्ताव फायलींतून फिरत राहिला. सरावली, पास्थळ, सालवड, खैरापाडा, कोलवडे, कुंभवली या आसपासच्या गावांना बोईसरपासून वेगळे करणारी रेषा डोळ्यांना दिसत नाही. ती फक्त घरपट्टीच्या पावतीवर दिसते.

या विसंगतीचा परिणाम मोठा मजेदार आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील स्त्रीला पशुसंवर्धन खाते पन्नास टक्के अनुदानावर पंचवीस तलंगा आणि तीन नर देऊ शकते, अथवा एक दिवसाची शंभर पिल्ले देऊ शकते. म्हणजे ज्या दाट वस्तीत कोंबड्यांचा उपद्रव अधिक होण्याचा संभव, तेथे शासन त्या पाळण्यास उत्तेजन देते. आणि ज्या नगरपरिषदेच्या हद्दीतील पाड्यावर अंगण आहे, झाडी आहे, शेजारचे घर पन्नास पावलांवर आहे, तेथील कोंबडी मात्र शेजाऱ्याच्या तक्रारीच्या दयेवर जगते.

कायदा नक्की काय म्हणतो? महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील जनावरांसंबंधीचा १९७६ चा अधिनियम आहे, पण त्याच्या नावातच गुरे आहेत. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरांतील तबेले होते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात डुकरे पाळण्यास आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरवली आहे आणि कोणताही प्राणी उपद्रव होईल अशा रीतीने पाळण्यास मनाई आहे. नगरपरिषदांना १९६५ च्या अधिनियमाखाली उपद्रव दूर करण्याचे आणि उपविधी करण्याचे अधिकार आहेत. त्याखेरीज सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा दंडाधिकाऱ्यांचा अधिकार, जो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता, तो १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आला आहे. मोठ्या व्यवसायासाठी प्रदूषण नियंत्रणाची बंधने आहेत, पण ती पाच हजार पक्ष्यांपासून पुढे. म्हणजे वरच्या टोकाला पोल्ट्रीचा कायदा, खालच्या टोकाला उपद्रवाचा कायदा, आणि मधल्या चार कोंबड्यांना कायदाच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या घरी असा प्रसंग ओढवला. तिच्या आजीच्या सहा कोंबड्यांविषयी कोणी तोंडी तक्रार केली होती. मी तिच्या वतीने एका कार्यालयात चौकशीस गेलो. टेबलामागील गृहस्थांनी मला आदराने बसवले, आणि म्हणाले, "सर, पाळा ना. कोणाची तक्रार आली नाही म्हणजे झालं." मी विचारले, "आणि आली तर?" ते हसून म्हणाले, "मग काढाव्या लागतील." या दोन वाक्यांत आपल्याकडील कुक्कुटविषयक नागरी कायदा सामावला आहे असे मला वाटते. त्यात कोंबड्यांच्या संख्येचा प्रश्न नाही, खुराड्याच्या अंतराचा नाही, स्वच्छतेचाही नाही. प्रश्न फक्त शेजारी कोण आहे याचा आहे. आजीने पुढे त्या कोंबड्या मनोरच्या बाजारात विकल्या.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या व्यवहाराकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहणे भाग आहे, आणि येथे परसातील कोंबडीच्या उत्साही पुरस्कर्त्यांशी माझा मतभेद होतो. समजा, पालघरमधील एका मध्यमवर्गीय कुटुंबाने बंगल्याच्या मागे सुधारित जातीच्या चार कोंबड्या पाळल्या. प्रत्येकीने वर्षास दीडशे अंडी दिली असे धरू. म्हणजे सहाशे अंडी. पक्षी दिवसास सरासरी ११० ग्रॅम खाद्य खातो. चौघींचे वर्षाचे १६० किलो झाले. निम्मे खाद्य स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्यातून निघाले आणि उरलेले ८० किलो पस्तीस रुपये दराने विकत आणले, तर २,८०० रुपये. खुराड्यास चार हजार रुपये खर्च करून ते पाच वर्षे टिकले तर वर्षास ८००. साडेतीनशे रुपयांची तलंग दोन वर्षे ठेवली तर वर्षास आणखी ७००. एकूण ४,३०० रुपये. सहाशे अंड्यांचे बाजारात सात रुपयांप्रमाणे ४,२०० रुपये होतात. म्हणजे शंभर रुपयांचा तोटा, आणि त्यात घरातील माणसांचे श्रम धरलेले नाहीत. म्हाताऱ्या कोंबड्या विकून थोडे सुटेल, गावरान म्हणून अंड्यास बारा रुपये मिळाले तर चित्र पालटेल. पण 'स्वस्त अंडी' हा युक्तिवाद बंगलेवाल्यांनी करू नये. त्यांच्यासाठी तो छंद आहे, आणि छंदाला माझा विरोध नाही.

हाच हिशेब पाड्यावर वा चाळीत मांडला की वेगळा निघतो. तेथील गावरान कोंबडी वर्षास पन्नास-साठच अंडी देते. पण तिला विकतचे खाद्य जवळजवळ लागत नाही. भाताची कणी, कोंडा, उकिरड्यावरील किडे, वाळवी, गवताचे बी यांवर तिचे भागते. तिची अंडीही फारशी खाल्ली जात नाहीत. खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवतात. वर्षात आठदहा पक्षी हाती लागले, आणि त्यातले काही आषाढाच्या अखेरीस, गटारीच्या आठवड्यात विकले गेले, की त्या घरात एरवी कधी न दिसणारी रोकड एकदम येते. ती रोकड बहुधा बाईच्या हातात येते. वारल्यांच्या देवकार्यात कोंबडा लागतो तो वेगळाच. तो विकत आणावा लागला तर खर्च, घरचा असला तर नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या उत्पादनाचा सीमांत खर्च शून्याच्या जवळ आहे, कारण त्यात वापरली जाणारी साधने अन्यथा वायाच जाणार असतात.

माझे बालपण केळवे-माहीम भागात गेले. आईकडे दहाबारा कोंबड्या असत. वडिलांचा पगार घरात कसा खर्च व्हावा हे वडील ठरवीत. अंड्यांचा पैसा कसा खर्च व्हावा हे आई ठरवी, आणि त्याविषयी तिला कोणी विचारीत नसे. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी त्या डब्यातून गेली होती हे मला फार पुढे कळले. पुढे पावसाळ्यात एकदा मानमोडीची साथ आली आणि तीन दिवसांत सगळे खुराडे रिकामे झाले. त्यानंतर आईने पुन्हा कोंबड्या ठेवल्या नाहीत. राणीखेत या नावाने पुस्तकांत असलेल्या त्या रोगावर लस होती, स्वस्त होती, डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून देता येत होती. ती आमच्या दारापर्यंत आली नाही, कारण दहा कोंबड्यांच्या घरापर्यंत यावे असे तिच्या वाटेत कोणासच वाटत नव्हते.

देशाची आकडेवारी या छोट्या घरांच्या बाजूने बोलते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुट पक्षी ८५ कोटी १८ लाख भरले. त्यांपैकी परसातील ३१ कोटी ७० लाख होते, आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची वाढ ४५.८ टक्के होती. व्यापारी पक्ष्यांची वाढ त्याच काळात ४.५ टक्केच. पोल्ट्रीच्या कारखानदारीने परसातील कोंबडी नामशेष होईल हे भाकीत निदान त्या गणनेपुरते खोटे ठरले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षास १८० अंड्यांची शिफारस केली आहे. २०२३-२४ मध्ये देशात माणशी १०३ अंडी उपलब्ध होती. ही सरासरी आहे, आणि जव्हार-मोखाड्याच्या नावाशी कुपोषण हा शब्द १९९२ च्या वावर-वांगणीपासून जोडला गेलेल्या जिल्ह्यात सरासरीवर विसंबून चालत नाही. शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे देण्याचा राज्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून शाळांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे सांगण्यात आले. लोकवर्गणी द्यायची तर ती पाड्यावरील लोकांनी पैशाच्या रूपात द्यावी की अंड्याच्या, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता आक्षेपांकडे वळू. आवाजाचा आक्षेप सर्वांत जुना, आणि खरे तर सर्वांत सोपा. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते, ही साधी गोष्ट शहरात वाढलेल्या पुष्कळांना ठाऊक नसते. पिल्ले हवी असतील तरच नर लागतो. आरवतो तो नर. आणि तो उजाडल्यावर आरवत नाही, उजाडण्यापूर्वी आरवतो. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, हे आरवणे प्रकाशावर नव्हे तर त्याच्या शरीरातील घड्याळावर चालते. आपले २००० चे ध्वनिप्रदूषण नियम रात्र दहा ते सकाळी सहा अशी मोजतात. त्यामुळे कोंबडा रोज नियमभंग करतो असे म्हणावे लागेल. तिसऱ्या पाळीवरून पहाटे घरी येऊन झोपू पाहणाऱ्या कामगाराची बाजू येथे मला पटते. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याचा खटला २०१९ मध्ये न्यायालयात गेला, कोंबडा जिंकला, आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना संरक्षण देणारा कायदाच झाला. पण ती खेड्याची गोष्ट झाली. केरळात अडूर येथील महसूल अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेला निर्णय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. पहाटे तीनपासून आरवणाऱ्या कोंबड्यामुळे झोप न लागणाऱ्या वृद्ध शेजाऱ्याच्या तक्रारीवर त्यांनी जागेची पाहणी केली आणि वरच्या मजल्यावरचे खुराडे चौदा दिवसांत आवाराच्या दुसऱ्या बाजूस हलवण्यास सांगितले. कोंबडी पाळणे तेथे गुन्हा ठरले नाही; तिच्या जागेचा मात्र निर्णय झाला.

रोगाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावापासून आरंभ होऊन तो आपल्या दारी आला. २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोलीत आणि आपल्याच जिल्ह्यातील वसई-विरार भागात तो पुन्हा आढळला. अशा वेळी मोकळी हिंडणारी, रानपाखरांबरोबर दाणे टिपणारी कोंबडी हा दुवा ठरू शकतो हे नाकारता येत नाही. पण त्यावर मनाई हा उपाय आहे काय? २०२१ च्या साथीत राज्यात मारलेल्या पक्ष्यांसाठी जी भरपाई जाहीर झाली, तीत आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीस ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरील मांसाच्या पक्ष्यास ७० रुपये होते. बाजारात चारपाचशे रुपयांना जाणाऱ्या गावरान कोंबडीचे मोल नव्वद रुपये! शिवाय भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची, आपोआप मेलेल्याची नव्हे. या दोन नियमांपुढे बसलेली गरीब स्त्री काय करील हे सांगण्यास पदव्युत्तर पदवी लागत नाही. पहिली कोंबडी माना टाकू लागताच ती उरलेल्या कोंबड्या बाजारात नेईल किंवा नातेवाइकांकडे पोचवील. रोग त्या पिशवीतून पुढच्या गावी जाईल. आणि जिची कोंबडी मुळात बेकायदा ठरवली आहे, ती तर दवाखान्याची पायरीही चढणार नाही. २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग अधिनियमाने पाळणाऱ्यावर रोगाची खबर देण्याचे कर्तव्य टाकले आहे. ज्याचे अस्तित्वच आपण मान्य करीत नाही त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा धरणे विचित्र आहे.

ब्रिटनने याच कारणासाठी उलट मार्ग घेतला. तेथे इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यानेही नोंद करणे सक्तीचे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराने २००४ मध्ये चार कोंबड्यांना परवानगी दिली. सिएटलने २०१० मध्ये तीनांची मर्यादा आठांवर नेली. न्यूयॉर्क शहरात कोंबडी चालते, कोंबडा चालत नाही. २०२२ पासूनच्या बर्ड फ्लूत त्या देशात सोळा कोटींहून अधिक पक्षी गेले आणि मार्च २०२५ मध्ये डझन अंड्यांचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या घरात पोचला, तेव्हा तेथील कृषिमंत्र्यांनीच लोकांना परसात कोंबड्या पाळण्याचा पर्याय सुचवला. महागाईवरील उपाय म्हणून तो सल्ला मला पोरकट वाटला. वरचा हिशेब मी त्यासाठीच मांडला. शिवाय परसातील पक्ष्यांपासून साल्मोनेलाची बाधा होण्याचे प्रकार तेथे वर्षानुवर्षे नोंदले जातात. पण नोंदले जातात, हे महत्त्वाचे.

तथापि आपल्या भागापुरता एक आक्षेप असा आहे की, ज्याचे उत्तर मजजवळ पूर्णपणे नाही, आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही. तो मातीचा आहे. कोंबडी दिवसभर माती उकरते आणि तीबरोबर जे असेल ते गिळते. मातीतील काही विषद्रव्ये तिच्या शरीरातील चरबीत आणि तेथून अंड्याच्या बलकात उतरतात. न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागांतील कोंबड्यांची अंडी तपासली असता जवळजवळ निम्म्या अंड्यांत शिसे आढळले होते. पॅरिसच्या परिसरात २०२३ मध्ये आरोग्य यंत्रणेने घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नयेत असा सल्ला दिला. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये, दीर्घकाळ न विघटणाऱ्या औद्योगिक रसायनांमुळे, तसाच सल्ला साऱ्या देशाला दिला. आता तारापूरकडे पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला होता, गुण ९३.६९. हा पहिला क्रमांक मिरवण्याजोगा नव्हे. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या गावांतील नाल्यांच्या काठी ज्या कोंबड्या चरतात, त्यांच्या अंड्यांत काय आहे? पाड्यावरील आई ते अंडे आपल्या लेकराला पौष्टिक म्हणून देते. नगरातील कोंबडीचा पुरस्कार करणाऱ्याने या प्रश्नाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

यावर कोणी म्हणेल, मग बोईसरपुरती बंदीच घाला. पण येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. या किनारपट्टीने गेल्या साठ वर्षांत पुष्कळ काही आपल्या पदरात घेतले. मुंबईस म्हशी नकोशा झाल्या तेव्हा त्यांच्यासाठी दापचरीची जमीन घेतली गेली. त्या दुग्धप्रकल्पाची आजची अवकळा आपण पाहतोच. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र आले, पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. रासायनिक कारखाने आले. या प्रत्येक वेळी येथील माणसाने काही सोडले. आता माती नासली म्हणून त्याने कोंबडीही सोडावी, आणि माती नासवणाऱ्याकडून साध्या तपासणीचा खर्चही घेतला जाऊ नये, हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. प्रदूषणापोटी कारखान्यांकडून जी भरपाई वसूल होते, तिच्यातला अल्प अंश दर वर्षी भोवतालच्या गावांतील माती व अंडी तपासण्यास खर्च व्हावा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, एवढी मागणी अवाजवी नाही. जेथे निकाल वाईट येईल तेथे कोंबड्या मोकळ्या न सोडता, उंच खुराड्यात, बाहेरून आणलेल्या खाद्यावर ठेवाव्यात हे पशुवैद्यकाने सांगावे. काही वस्त्यांत पाळूच नयेत असेही कदाचित सांगावे लागेल. ते तपासून सांगावे, तक्रारीवरून नव्हे.

उपविधी करावयाचाच झाला तर तो लांबलचक असू नये. पालघर नगरपरिषदेने स्वतंत्र घराच्या वा पाड्याच्या अंगणात ठरावीक संख्येपर्यंत, समजा दहापर्यंत, कोंबड्यांना नोंदणीवर मुभा द्यावी. नोंदणी विनाशुल्क असावी. दहा रुपये शुल्क ठेवले तरी त्यासाठी अर्धा दिवसाची मजुरी बुडवून कोणी येणार नाही, आणि मग नोंदणीचा हेतूच फसेल. नोंदणीच्या बदल्यात काही मिळाले पाहिजे: लस, आणि साथीत बाजारभावाशी सुसंगत भरपाई. खुराडे शेजारच्या दारा-खिडकीपासून किती अंतरावर असावे हे ठरवावे. दाट वस्तीत नर ठेवू नये. पाड्यावर ठेवू द्यावा, नाहीतर पिल्ले कोठून येणार? सदनिकांच्या सज्जात आणि गच्चीवर कोंबड्या ठेवण्यास माझा पाठिंबा नाही. तेथे पक्ष्याचेही हाल होतात आणि खालच्या मजल्याचेही. चाळींचा प्रश्न अवघड आहे. दहा बाय दहाच्या खोलीत माणसांसह कोंबड्या झोपतात हे मी बोईसरमध्ये पाहिले आहे, आणि ते आरोग्यास घातक आहे यात शंका नाही. तेथे चाळीच्या मोकळ्या जागेत सामाईक खुराड्याचा प्रयोग करून पाहावा. बोईसर आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी याच धर्तीवर ठराव करावेत, म्हणजे उद्या कायद्याने शहर झाले तरी एका रात्रीत कोणाची कोंबडी बेकायदा होणार नाही.

या सूचनेत एक धोका मला दिसतो. नोंदणी म्हटली की तपासनीस आला, आणि तपासनीस आला की आज जी कोंबडी फक्त शेजाऱ्याला भिते ती उद्या त्यालाही भिऊ लागेल. म्हणून नोंद करणारी व्यक्ती नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाची नसावी; ती पशुवैद्यकीय दवाखान्यातील असावी, किंवा पाड्यावर ज्यांचे नित्य जाणे-येणे असते त्या आशाताई अथवा अंगणवाडीताई असाव्यात, आणि त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा. त्यांच्यावर फुकटात टाकलेल्या कामांची यादी आधीच लांब आहे.

मनोरच्या बाजारात कोंबड्या विकून आलेल्या त्या आजीचा उल्लेख वर आला आहे. विद्यार्थिनीने मला नंतर सांगितले की, त्यातली एक तलंग आजीने विकली नाही. ती रात्री घरात टोपलीखाली असते, दिवसा मागील दारी बांधलेली असते. तिला लस टोचून घेतली का, असे मी विचारले. मुलगी म्हणाली, "सर, दवाखान्यात नेली तर सगळ्यांना कळेल ना."